लेकराचा पट्टा

मार्गशीर्ष महिन्यातला शुक्रवार, संध्याकाळची वेळ. रक्कम एक हजार आठशे पन्नास रुपये, पार्सल आणणाऱ्या मुलाला रोख. हजर माणसं: मी, माझी पत्नी शोभा, शेजारचा विलास, त्याची बायको मनीषा, त्यांची आठ महिन्यांची स्वरा आणि विलासचे वडील, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. जागा आमचा ओटा. पार्सल विलासचं, पण पत्ता आमचा दिलेला. कारण त्यांच्या दारात ते आलं असतं तर आबांनी त्या मुलाला तसंच परत धाडलं असतं.

पार्सलात लेकराला अंगावर बांधायचा पट्टा होता. खांद्यावर दोन जाड, मऊ गाद्या, कमरेला रुंद पट्टा, मधे लेकरू बसायची झोळ आणि प्लास्टिकचे चार खटके. मी सोबतचा कागद वाचला. लेकरू किती किलोचं चालेल, गुडघे कसे फाकलेले राहिले पाहिजेत, तोंड कापडात दबता कामा नये, सगळं लिहिलेलं होतं. मी वाचत गेलो आणि विलास खटके लावत गेला. पाण्याच्या टाकीवरून पडून मनीषाचा उजवा खांदा मोडला होता आणि तिला दोन महिने काही उचलायचं नव्हतं. सासू चार वर्षांपूर्वी वारलेली. लेकराला उचलणार कोण, हा प्रश्न होता.

आबा ओट्याच्या कडेला उकिडवे बसून बघत होते. पट्टा विलासच्या छातीवर बसला, आत स्वरा बसली, आणि आबा माझ्या भिंतीच्या कोपऱ्यात तंबाखू थुंकून म्हणाले, "आता एक दावं बी बांध अन् गोठ्यात उभा राह्य."

तो कोपरा त्यांचा ठरलेला होता. पंधरा वर्षं ते त्याच कोपऱ्यात थुंकत आले. मी दोनदा चुना लावला, एकदा फरशीचा तुकडा बसवला. फरशीवरून पिंक घरंगळते एवढाच फरक पडला.

मी कळमनुरीच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. नांदेड रस्त्याला आमचं गाव, तिथून रोज जाऊन येऊन असतो. आबांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ओ हिशेबनीस" म्हणायचे. माणूस लिहायचा तर जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्यात म्हणून आधी जमा लिहितो. ते दारू प्यायले नाहीत. उसना घेतलेला पैसा कबूल केलेल्या दिवशी परत केला. माझे वडील गेले तेव्हा तिरडीचा पुढचा दांडा त्यांनी घरापासून स्मशानापर्यंत खांदा न बदलता नेला. अंगात ताकद विलक्षण. सत्तरीच्या पुढेही सोयाबीनचं पोतं एकटे पाठीवर घ्यायचे. जमा संपली.

जेवणानंतर ते ताटातच चूळ भरायचे. बेसिन तीन पावलांवर, विलासनं मुद्दाम बसवलेलं. पण चूळ ताटात. भाताची शितं, तंबाखूचे कण आणि ते पाणी असलेलं ताट सून उचलायची. काडीनं दात कोरायचे आणि काडी पुन्हा काडेपेटीत ठेवायचे. एकदा शोभानं देवाजवळ दिवा लावायला त्यांच्याकडून काडेपेटी आणली आणि तशीच परत दिली. त्यानंतर आम्ही घरात जादा काडेपेट्या ठेवू लागलो.

या गोष्टी म्हाताऱ्या माणसांत असतात, ते मी फार मनावर घेत नाही. मला किळस होती ती त्यांच्या एका नियमाची. तो नियम आमच्या भागात पूर्वी सगळीकडे होता, काही घरांत अजून आहे: बापासमोर पोरानं स्वतःचं लेकरू उचलायचं नाही. लाज समजायची. आबांनी त्याच्याही पुढे जाऊन लेकरू हा प्रकारच पुरुषाच्या अंगाला लागू द्यायचा नाही असं ठरवलेलं होतं. म्हणायचे, "बाप्यानं लेकराला नाव द्यावं. उचलायला बाई हाय."

त्यांनी विलासला कधीही उचललं नव्हतं. हे मी ऐकीव सांगत नाही, ते स्वतः अभिमानानं सांगायचे. त्यांचा आवडता किस्सा असा. विलास वर्षाचा होता तेव्हा हे लोक सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला लग्नाला गेले. परतताना ओढ्याला पाणी आलेलं, कमरेएवढं. बायकोनं पदर सोडून पोराला पाठीशी आवळून बांधलं, डोक्यावर गाठोडं घेतलं आणि पाण्यात उतरली.

"अन् तुमी?" कोणीतरी विचारायचंच. किस्सा ऐकणाऱ्याला ते विचारावंच लागेल अशा जागी आबा थांबायचे.

"मी काय मोकळा व्हतो व्हय? माह्या खांद्यावर शेळी व्हती! आहेरात भेटलेली. चार पाय असे छातीवर धरले, अन् पार." मग ते मांडीवर थाप मारून हसायचे. "शेळी लय घाबरली व्हती बिचारी."

पोरगं घाबरलं होतं का, हे त्यांना माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं. मी परकी भाषा बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नातीशी त्यांचा संबंध एका सुतळीपुरता होता. मनीषानं सासूच्या जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला टांगली होती. आबा दुपारी बाजेवर आडवे व्हायचे, झोळीला बांधलेल्या सुतळीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचे आणि अंगठा हलवत पडायचे. झोळी हलायची. स्वरा रडली की अंगठा जोरात, तरीही रडली की हाक: "ए मनीषा! भुकली हाय ही!" उठून आत डोकावलेले मी पाहिले नाहीत. सुतळीच्या गाठी मात्र त्यांच्या सुंदर असत. दोन वेढे आणि वर एक उलटा फास. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू, फाटकाची कडी, बादलीचा कान, सायकलचं सीट, त्या एकाच गाठीनं बांधलेली होती.

विलास तीस वर्षांचा, चार एकर शेती आणि दोन म्हशी सांभाळणारा. पण फाटक वाजलं की तो स्वराला खाली ठेवायचा. जिथे असेल तिथे. एकदा खताच्या पोत्यावर ठेवलेली मी पाहिली. आबा आत गेले, त्यानं उचलली, अंगावरचे पांढरे दाणे झटकले. माझी नजर पडली तेव्हा म्हणाला, "काय करता काका, सवय हाय."

पट्टा आल्यावर हा खेळ बंद झाला. कारण चार खटके सोडून लेकरू खाली ठेवायला वेळ लागतो, आणि तोवर आबा समोर आलेले असतात. पहिल्या दिवशी विलास खटक्यांशी झटापट करत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं नाद सोडला. स्वराला पट्टा फार आवडला. कापडाची वरची कड तोंडात धरून ती तासन्‌तास चघळायची. दात येत होते. विलास तिला घेऊन म्हशींना वैरण टाकायचा, धारेला मात्र शोभाकडे द्यायचा.

मग तो तिला घेऊन आठवडी बाजारात गेला. मीही भाजीला गेलो होतो. बायकांना त्यात काही नवल नव्हतं. त्या स्वतः कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन फिरत होत्या. एका हळद विकणारीनं तर पट्टा ओढून पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला पडला रं? आमच्या ह्यांना बसंन का?" पुरुषच जास्त बोलले.

"इलास, कितवा महिना?"

"तिला नववा लागलाय, का रे?"

"काय न्हाई. डोहाळजेवणाला बोलाव."

विलास हसून पुढे जात होता. आबा हॉटेलच्या बाकावर होते. त्यांनी ते सगळं ऐकलं. चहा अर्धा टाकून उठले आणि पोराच्या शेजारून ओळख नसल्यासारखे निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मनीषा एका हातानं ताट वाढून तासभर बसली होती.

"आबा, दोन घास खा," ती म्हणाली. आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येत होतं.

"माह्या मागं बाजार हसून राहिला. माहं पोट भरलं."

"खांदा बरा झाला की मीच घेईन तिला. तवर तर चालू द्या."

"तवर खाली ठिवा. लेकरं खाली ठेवली म्हून मेली न्हाईत कुणाची."

त्यानंतर पंधराएक दिवसांनी सकाळी मनीषाची हाक आली. हाक नव्हे, ओरडणं. विलास स्वराला पट्ट्यात घेऊन गोठ्यात गेला होता. तासाभरानं तिची लाळ गळायला लागली. दात येताहेत म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग उलटी झाली, पुन्हा झाली, अंग घामानं भिजलं आणि मान टाकली. मी गाडी काढली. विलासनं तिला पट्ट्यातून काढून शोभाच्या मांडीवर दिली, मनीषा शेजारी बसली, पट्टा त्याच्या गळ्यातच लोंबत राहिला. आबा न सांगता पुढच्या सीटवर येऊन बसले. हिंगोलीपर्यंत शोभा मधूनमधून म्हणत होती, "श्वास आहे, विलास. श्वास आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारून लेकराचे डोळे बघितले आणि लगेच विचारलं, "घरात फवारणीचं औषध कुठे आहे? हिच्या तोंडात गेलंय का काही?"

विलास म्हणाला, "न्हाई साहेब. औषध, पंप, सगळं शेतातल्या खोपीत ऱ्हातं. घरी आणतच न्हाई."

"फवारतं कोण?"

"आबा. पण ते तिथंच अंग धुऊन येतात. अन् ते हिला हातबी लावीत न्हाईत."

डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "दात येऊन राहिले तिला. दातात असंच व्हतं."

"आजोबा, नीट आठवा. कोणतं औषध ते कळलं तर मला बरं पडेल."

"माहा काय संबंध?" आबा म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.

डॉक्टरांनी आम्हालाही बाहेर काढलं. विलासनं गळ्यातला पट्टा काढून शोभाकडे दिला आणि दाराला डोकं टेकून उभा राहिला. शोभानं पट्टा घडी करायला घेतला, आणि तिचा हात थांबला. तिनं तो पट्टा नाकाशी नेला.

"अहो, याचा वास घ्या."

मी घेतला. फवारलेल्या शेताच्या बांधावरून जाताना येतो तोच उग्र वास. झोळीच्या आतल्या बाजूला पांढुरके ओघळ वाळलेले होते. वरची कड, जी स्वरा चघळायची, ती कडक झाली होती. आणि कमरेच्या पट्ट्याला, खटक्याच्या मागे, सुतळीचा वीतभर तुकडा राहिलेला होता. दोन वेढे, वर उलटा फास.

मी बाकावर आबांच्या शेजारी जाऊन बसलो. पट्टा मांडीवर ठेवला. विचारलं, "आबा, यात पंप बांधला होता का तुम्ही?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी नवरा-बायको बसले होते. आबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हळू बोला," ते म्हणाले.

मी अनेक माणसांशी भांडलो आहे, फसवणारे पाहिले आहेत, जिनिंगमध्ये कापसात पाणी मारून आणणारे रोज पाहतो. पण त्या दोन शब्दांइतकी किळस मला कशाची आली नाही. आत लेकरू मान टाकून पडलेलं, डॉक्टर औषधाचं नाव विचारून गेलेले, आणि या माणसाला काळजी होती ती बाकावरच्या दोन अनोळखी लोकांना कळेल याची. काय कळेल? तर यानं पोराचा पट्टा स्वतःच्या अंगावर चढवला.

"औषध कोणतं होतं?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"हळू बोला म्हणलं ना."

"आबा, नाव सांगा. नाहीतर इथं उभा राहून ओरडतो."

"नाव कुठं येतंय मला वाचायला. हिरव्या टोपणाची बाटली. हरभऱ्यावरच्या अळीची."

विलासनं वळून पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. फोन काढून गावातल्या औषध दुकानदाराला लावला, हिरव्या टोपणाच्या बाटलीचं नाव विचारलं आणि आत पळत गेला.

स्वरा वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं दूध घेतलं, पाचव्या दिवशी घरी आणली.

झालं कसं ते नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. फवारणी पंपाचे पट्टे बारीक. भरलेला पंप खांद्यात रुततो. खुंटीवरच्या पट्ट्याच्या जाड गाद्या आबांनी हेरून ठेवल्या होत्या. पहाटे सगळे झोपेत असताना तो काखोटीला मारला, शेतात नेला, झोळीत पंप बसवून सुतळीनं आवळला आणि धुकं निवळायच्या आत दोन पंप मारून आले. पंप गळका होता. पट्टा पुन्हा खुंटीवर टांगला. विलासचं नाक सर्दीनं चोंदलेलं, त्याला वास कळला नाही.

"धुतला तरी का नाही?" मी त्यांना एकदा विचारलं.

"वल्ला दिसला असता," ते म्हणाले.

म्हणजे विचार केलेला होता. धुवावा हे सुचलं होतं. धुतला तर चोरी कळेल हेही सुचलं होतं. यापुढचं एक सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. आणि डॉक्टरांसमोर जेव्हा सुचलं, तेव्हा ते गिळलं. मग ते म्हणाले, "पट्टा बाकी झकास हाय. खांद्याला कळतबी न्हाई." मी उठून घरी आलो.

मला वाटलं होतं विलास भांडेल, वेगळा राहील. तसं काही झालं नाही. त्यानं तो पट्टा शेताच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरला आणि तसलाच दुसरा मागवला. या वेळी पत्ता स्वतःच्या घरचा दिला. मनीषाचा खांदा पुढे बरा झाला, तरी त्यानं पट्टा सोडला नाही. बापासमोर जेवायला बसला तरी स्वरा छातीवर. बापाशी बोलायचा तेवढंच, पण अंगावर लेकरू घेऊन. मनीषानं एक बदल केला. आबांनी ताटात चूळ भरली की ती ते ताट उचलत नसे. ते तिथंच राहायचं, माशा बसायच्या. तिसऱ्या दिवसापासून आबा बेसिनपाशी जाऊ लागले.

पुढच्या वर्षी भाद्रपदात आबा गोठ्यात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. महिन्यानं कळमनुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, म्हणून माझ्याच गाडीतून नेलं. दवाखाना एका आडत दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना अरुंद, खुर्ची वळत नाही. मोडक्या मांडीच्या माणसाला हाडांच्या दवाखान्यात चढवायचं कसं, याचा विचार इमारत बांधणाऱ्यानं केलेला नव्हता.

गाडीच्या दारात आबा पाय लोंबकळत सोडून बसले होते. विलास समोर उभा, छातीवर स्वरा. आता ती दीड वर्षांची झाली होती, पाय त्याच्या मांडीपर्यंत यायचे.

"इलास," आबा म्हणाले, "घे मला पाठुंगळी."

मी पुढे झालो. "दे विलास, तिला माझ्याकडे दे."

"ऱ्हाऊ द्या काका," तो म्हणाला. मग बापाकडे पाहून, आवाज जराही न चढवता, "माझ्या अंगावर लेकरू हाय, आबा."

त्यानं वळून आडत दुकानातल्या हमालाला हाक मारली. पन्नाशीचा माणूस, डोक्यावरून पाठीवर पोत्याची खोळ घेतलेला. त्यानं आबांना एकदा वरून खाली पाहिलं.

"पोत्याचे ईस घेतो. माणूस हालतो. पन्नास लागतील."

हमालानं खोळ काढली, गाडीला पाठ लावून खाली बसला. मी आणि विलासनं धरून आबांना त्याच्या पाठीवर चढवलं. ज्या हातांनी ओढ्यातून शेळी पार नेली होती, ते हात त्यांनी त्या माणसाच्या गळ्यात टाकले. दुकानात पाचसात शेतकरी बसलेले, सगळे बघत होते.

"हिशेबनीस," आबा म्हणाले, "माह्या तोंडावर टावेल टाका."

मी टाकला. हमाल उठला आणि जिना चढू लागला. वळणावर आबांचा मोडका पाय भिंतीला लागू नये म्हणून तो आडवा होऊन चालत होता. मागून विलास चढत होता, एक हात स्वराच्या डोक्यावर धरून. ती पुढे वाकून टॉवेलचं लोंबतं टोक पकडायचा प्रयत्न करत होती. तिला वाटलं असावं आजोबा लपाछपी खेळतायत.

त्यानंतर आबा दीड महिना जगले, पण मी त्यांना शेवटचं खणखणीत बोलताना पाहिलं ते तेव्हाच.

वर नेण्याचे पन्नास, खाली आणण्याचे पन्नास. एकूण शंभर रुपये, विलासच्या खिशातून, हमालाला रोख.